ब्रिटनला स्वतःचा अभिमान वाटतो का?

इंग्लंड आणि वेल्समध्ये दर दहा वर्षांनी जनगणना होते. २०११ च्या अर्जात तिथे पहिल्यांदाच एक प्रश्न छापला गेला : तुम्ही तुमची राष्ट्रीय ओळख काय सांगाल? पुढे चौकोन होते – इंग्लिश, वेल्श, स्कॉटिश, नॉर्दर्न आयरिश, ब्रिटिश. एकापेक्षा जास्त चौकोनांत खूण करायची मुभा होती. इंग्लंडमधल्या अर्जावर 'इंग्लिश' सर्वांत वर होतं. इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे ५८ टक्के लोकांनी स्वतःला फक्त इंग्लिश म्हणवून घेतलं, तर फक्त ब्रिटिश म्हणवणारे १९ टक्के निघाले.

२०२१ मध्ये हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला. या वेळी इंग्लंडच्या अर्जावर 'ब्रिटिश' हा पर्याय पहिला छापला होता. निकाल पार उलटा लागला. फक्त ब्रिटिश म्हणवणारे ५५ टक्क्यांच्या आसपास गेले आणि फक्त इंग्लिश म्हणवणारे १५ टक्क्यांवर आले. दहा वर्षांत कोट्यवधी लोकांचं मन पालटलं असं मानायला आधार नाही. पर्यायांचा क्रम बदलल्याचा हा परिणाम असू शकतो, असं सांख्यिकी कार्यालयानेच स्पष्ट केलं. वेल्समधल्या अर्जावर 'वेल्श' आधीही वर होतं आणि नंतरही वरच राहिलं. तिथे फक्त वेल्श म्हणवणाऱ्यांचा आकडा जेमतेम हलला : ५७.५ टक्क्यांवरून ५५.२ टक्के.

ब्रिटिशांना आपल्या राष्ट्रीयत्वाचा अभिमान वाटतो का, या प्रश्नाकडे वळण्याआधी हे आकडे ध्यानात ठेवायला हवेत. इंग्लंडमधल्या बहुतेकांच्या मनात इंग्लिश आणि ब्रिटिश या दोन ओळखी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. वेल्श माणसाला मात्र आपण कोण हे सांगताना कागदावरच्या क्रमाची गरज पडत नाही. म्हणजे 'ब्रिटिश अभिमान' नावाची एकच एक भावना शोधायला निघालो, तर हाती काही लागणार नाही. कोणाचा अभिमान आणि कशाचा, असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. त्यांची उत्तरं शोधताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. ब्रिटनमधला अभिमान आटलेला नाही, त्याने जागा बदलली आहे. जे जिंकलं त्यावरून तो उठला आणि जे मिळून उभारलं त्यावर येऊन बसला. हे स्थलांतर त्या देशाच्या भल्याचं आहे, असं मला वाटतं.

एक राज्य, चार देश

ब्रिटन हे राष्ट्र म्हणून फारसं जुनं नाही. वेल्स सोळाव्या शतकात इंग्लंडच्या कायद्याखाली आला. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर बसला. दोन्ही देशांच्या संसदा मात्र एक झाल्या त्या १७०७ मध्ये. १८०१ मध्ये आयर्लंड जोडला गेला आणि १९२२ मध्ये त्याचा मोठा भाग वेगळा झाला. आज जो युनायटेड किंगडम आपण नकाशावर पाहतो, तो शंभर वर्षांपूर्वीच्या या वाटणीतून उरलेला आहे.

सातबाऱ्यावर चार नावं असावीत, पण जमिनीचा मोठा तुकडा एकाच्याच वाट्याला असावा, तसं हे राज्य आहे. लोकसंख्येचा सुमारे ८४ टक्के हिस्सा इंग्लंडचा. त्यामुळे इंग्लंडला 'ब्रिटन म्हणजे आपणच' असं सहज वाटतं आणि बाकीच्या तिघांना आपलं वेगळेपण सतत सांगावं लागतं. वेल्समधलं कॅपेल केलिन हे वेल्शभाषक गाव १९६५ मध्ये पाण्याखाली गेलं, कारण लिव्हरपूलला धरण हवं होतं. त्यासाठीचा कायदा १९५७ मध्ये संसदेत मंजूर झाला, तेव्हा वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नव्हतं. शाळा, प्रार्थनास्थळ, घरं सगळं त्या जलाशयाखाली गेलं. त्या घटनेने वेल्श अभिमानाला जी धार आली, ती अजून बोथट झालेली नाही.

उत्तर आयर्लंडमध्ये तर ओळख हा जीवन-मरणाचा प्रश्न होता. तीस वर्षं चाललेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या घरात माणसं मारली गेली. १० एप्रिल १९९८ च्या 'गुड फ्रायडे' करारात एक शहाणपणाची तरतूद झाली : तिथल्या माणसाने स्वतःला ब्रिटिश म्हणावं, आयरिश म्हणावं किंवा दोन्ही म्हणावं, दोन्ही नागरिकत्वं बाळगण्याचा त्याला हक्क आहे. २०२१ च्या जनगणनेत तिथे ३२ टक्के लोकांनी फक्त ब्रिटिश, २९ टक्क्यांनी फक्त आयरिश आणि २० टक्क्यांनी फक्त नॉर्दर्न आयरिश अशी नोंद केली. अभिमानाचा आग्रह सोडून निवडीचं स्वातंत्र्य दिल्यावर बंदुका खाली ठेवणं शक्य झालं, हा त्या प्रदेशाचा अनुभव आहे.

अशा राज्याला सर्वांचा मिळून एक राष्ट्रीय दिन नाही, यात नवल नाही. आपला १५ ऑगस्ट, फ्रान्सचा १४ जुलै, तसा त्यांचा एकही दिवस नाही. सेंट अँड्र्यूच्या दिवशी स्कॉटलंडमध्ये आणि सेंट पॅट्रिकच्या दिवशी उत्तर आयर्लंडमध्ये सुट्टी असते. इंग्लंडच्या सेंट जॉर्जचा २३ एप्रिल आणि वेल्सच्या सेंट डेव्हिडचा १ मार्च हे मात्र कामाचेच दिवस. परकी सत्ता उलथवून स्वातंत्र्य मिळवण्याचा प्रसंग ज्या राज्यावर आला नाही, त्याला तशी तारीख तरी कुठून मिळणार?

असईच्या मैदानावरचे स्कॉटिश

मग हे चार देश इतकी वर्षं एकत्र कशाने बांधले गेले? इतिहासकार लिंडा कॉली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ब्रिटन्स' या ग्रंथात याचं उत्तर दिलं आहे. प्रोटेस्टंट धर्म, कॅथलिक फ्रान्सशी झालेली लागोपाठची युद्धं आणि साम्राज्यातून मिळणारा लाभ, यांतून १७०७ नंतर 'ब्रिटिश' ही भावना घडत गेली. जुन्या ओळखी पुसल्या गेल्या नाहीत. त्यांच्यावर ही नवी ओळख चढली.

याचा एक पुरावा आपल्या जालना जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई गावाजवळ, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून वॉटर्लू जिंकणार होता. मराठ्यांच्या तोफखान्यासमोर त्या दिवशी सर्वांत जास्त होरपळली ती ७४ वी हायलँडर पलटण. तिचे जवळजवळ सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले. ही पलटण स्कॉटिश होती. तिच्या बाजूला लढणारी ७८ वी पलटणही स्कॉटिशच. ईस्ट इंडिया कंपनीने या पलटणींना मानाचं खास निशाण दिलं. ७४ व्या पलटणीचा वारसा आज ज्या स्कॉटिश बटालियनकडे आला आहे, ती अजूनही असईचं निशाण बाळगते आणि असईचा दिवस पाळते.

जेमतेम साठ वर्षांपूर्वी, १७४६ मध्ये, कलोडनच्या माळावर सरकारी फौजेने हायलँडच्या बंडखोर टोळ्यांचा चुराडा केला होता. त्याच डोंगराळ मुलखातले तरुण असईला ब्रिटिश राजासाठी मरायला उभे राहिले. साम्राज्याने स्कॉटिश माणसाला नोकरी दिली, मान दिला आणि इंग्रजाच्या बरोबरीची जागा दिली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन मालकम, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा साताऱ्याचा जेम्स ग्रँट डफ, ही सगळी माणसं स्कॉटलंडची. इतकंच नव्हे, तर ब्रिटनच्या गर्वाचं घोषगीत मानलं जाणारं 'रूल, ब्रिटानिया' १७४० मध्ये जेम्स थॉम्सन या स्कॉटिश कवीच्या नावावर पुढे आलं. इंग्रजाचं प्रतीक ठरलेला 'जॉन बुल' १७१२ मध्ये जॉन आर्बथनॉट या स्कॉटिश डॉक्टरने निर्माण केला.

साम्राज्य गेलं आणि ही गाठ सैल झाली. १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडने वेगळं व्हावं की नाही यावर सार्वमत घेतलं. ५५ टक्क्यांनी एकत्र राहण्याचा कौल दिला, ४५ टक्क्यांनी वेगळं होण्याचा. दोन वर्षांनी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवून बसला, तेव्हा स्कॉटलंडमधल्या ६२ टक्के मतदारांनी संघात राहण्याच्या बाजूने मत दिलं होतं. स्कॉटलंडच्या २०२२ च्या जनगणनेत जवळपास दोन तृतीयांश लोकांनी स्वतःला फक्त स्कॉटिश म्हटलं.

पुतळा कोसळतो तेव्हा

इतिहासाविषयीची भावना किती झपाट्याने बदलली, हे ब्रिटनमधल्या समाजवृत्तींच्या एका नामांकित सर्वेक्षणात दिसतं. १९८३ पासून हे सर्वेक्षण होत आलं आहे. देशाच्या इतिहासाचा अभिमान वाटतो असं २०१३ मध्ये ८६ टक्के लोक सांगत होते. २०२३ मध्ये हे प्रमाण ६४ टक्क्यांवर आलं. लोकशाही ज्या रीतीने चालते तिचा अभिमान ६९ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर घसरला. साम्राज्याबद्दलचा कल तर आणखी बदलला. २०१४ च्या एका जनमत चाचणीत ५९ टक्क्यांना साम्राज्य अभिमानास्पद वाटत होतं. पाच-सहा वर्षांत हा आकडा ३२ टक्क्यांवर आला. बाकीचे सगळे लाजेकडे झुकले असं मात्र नाही. लाज वाटणारे १९ टक्के होते आणि 'ना अभिमान ना लाज' म्हणणारे त्यांच्या जवळपास दुप्पट.

७ जून २०२० रोजी ब्रिस्टलमध्ये काय घडलं ते पाहू. एडवर्ड कोल्स्टन हा सतराव्या शतकातला व्यापारी. आफ्रिकी माणसांना गुलाम करून विकणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत तो मोठ्या पदावर होता. तिथल्या पैशातून त्याने शहरात शाळा आणि धर्मशाळा बांधल्या. त्याच्या मृत्यूला पावणेदोनशे वर्षं होत आली असताना, १८९५ मध्ये, शहराने त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला. चौथऱ्यावर त्याच्या दानशूरपणाचे गोडवे होते, गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख नव्हता. शहरातल्या काही नागरिकांनी तो उल्लेख यावा म्हणून वर्षानुवर्षं मागणी केली. फलकावर काय लिहायचं यावरच घोळ चालू राहिला. अखेर त्या दिवशी जमावाने दोर बांधून पुतळा खाली खेचला, रस्त्यावरून फरफटत नेला आणि बंदरात ढकलला. ज्यांच्यावर खटला चालला, त्या चौघांना जानेवारी २०२२ मध्ये ज्यूरीने निर्दोष ठरवलं. पाण्यातून बाहेर काढलेला पुतळा, त्यावरच्या रंगाच्या डागांसह, पुढे शहराच्या संग्रहालयात आडवा ठेवला गेला.

पुतळा पाडण्याच्या रीतीवर मतभेद होणं साहजिक आहे, पण त्या फलकावर जे खटकलं ते अगदी रास्त होतं. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार आणि १८३३ च्या कायद्याने साम्राज्यातल्या मोठ्या भागातली गुलामगिरी बंद केली, याचा अभिमान तिथल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. त्याच कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, ती गुलामांना नव्हे, तर मालकांना. सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के इतकी ती रक्कम होती आणि त्यासाठी काढलेलं कर्ज पूर्णपणे फिटलं ते २०१५ मध्ये. ही बाजू कळल्यावर अभिमान जसाच्या तसा राहत नाही, आणि राहूही नये. ज्या समाजाला आपल्या पूर्वजांची पूर्ण गोष्ट ऐकून घेता येते, त्याला दुबळा म्हणणं चूक आहे.

दोन्ही महायुद्धांची आठवण मात्र आजही अभिमानाची मोठी जागा आहे. दर ११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता दोन मिनिटं शांतता पाळली जाते. १९१९ पासूनची ही प्रथा. छातीवर कागदाचं लाल पॉपीचं फूल लावून पंतप्रधानांपासून बसचालकापर्यंत सारे तिच्यात सहभागी होतात. या आठवणीतही बराच काळ एक पोकळी होती. १९४० मध्ये आपण एकटे लढलो, असं तिथे सांगितलं जायचं. भारतातून पंचवीस लाख सैनिक दुसऱ्या महायुद्धात उतरले होते, हे त्या सांगण्यात येत नसे. मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोन मराठी जवानांनी इटलीच्या आघाडीवर 'व्हिक्टोरिया क्रॉस' मिळवला. घाडगे त्या लढाईतच धारातीर्थी पडले. भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांतल्या अशा सैनिकांसाठी लंडनमध्ये कॉन्स्टिट्यूशन हिलवर स्मारक उभं राहिलं ते २००२ मध्ये. ही भर पडल्याने युद्धाच्या आठवणीचं मोल घटलं नाही. तिच्यावर हक्क सांगणारी माणसं वाढली.

इस्पितळाचा अभिमान

ब्रिटिश असल्याचा अभिमान नेमका कशामुळे वाटतो, असं विचारलं की वर्षानुवर्षं यादीच्या वरच्या टोकाला एक सरकारी खातं असतं : एनएचएस, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवा. ५ जुलै १९४८ रोजी ती सुरू झाली. तिचे शिल्पकार आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधल्या खाणकामगाराचे चिरंजीव आणि स्वतःही लहानपणी खाणीत उतरलेले. त्यांच्या ट्रेडेगर गावात कामगार आपल्या पगारातून दर आठवड्याला थोडे पैसे बाजूला काढत आणि त्यातून सर्वांच्या औषधपाण्याची सोय होई. हीच व्यवस्था बेव्हन यांनी देशभर नेली. उपचाराच्या वेळी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत, खर्च करांतून भागवायचा.

२७ जुलै २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाला डॅनी बॉयल यांनी हीच गोष्ट जगापुढे मांडली. ज्या सोहळ्यात एखाद्या देशाने रणगाडे आणि राजवाडे दाखवले असते, तिथे खऱ्याखुऱ्या नर्स आणि डॉक्टर इस्पितळाच्या खाटांभोवती नाचत होते. त्यांच्यासोबत कारखान्यांचे कामगार होते, मताधिकारासाठी लढणाऱ्या बाया होत्या, कॅरिबियन बेटांतून बोटीने आलेली माणसं होती आणि वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली होते. ब्रिटनने स्वतःची ओळख सामान्य माणसांच्या कामातून करून दिली.

या अभिमानाचा एक पैलू लक्षात घेण्यासारखा आहे. एनएचएसच्या कामकाजावर समाधानी असलेले २०१० मध्ये ७० टक्के होते. २०२३ मध्ये ते २४ टक्के उरले. शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं, तातडीच्या विभागात तासन्‌तास ताटकळावं लागतं. तरीही सेवा सर्वांसाठी आणि मोफत असावी, या तत्त्वाला लोकांचा भक्कम पाठिंबा टिकून आहे. आपली वस्तू आहे म्हणून तिच्याबद्दल तक्रार करायची आणि आपली आहे म्हणूनच ती सोडायची नाही, असा हा अभिमान. तो डोळस आहे.

नव्या नागरिकांचं ब्रिटिशपण

२२ जून १९४८ रोजी 'एम्पायर विंडरश' या जहाजातून कॅरिबियन बेटांवरचे शेकडो प्रवासी टिलबरीच्या धक्क्यावर उतरले. एनएचएस सुरू व्हायला तेव्हा दोन आठवडेही उरले नव्हते आणि या सेवेत पुढे अशा अनेकांनी आयुष्य घालवलं. ते परके म्हणून आले नव्हते. ब्रिटिश प्रजाजन म्हणून हक्काने आले होते. त्यांच्या पिढीतल्या, लहानपणी आईवडिलांबरोबर आलेल्या अनेकांकडे पन्नास वर्षांनी सरकारने राहण्याचे पुरावे मागितले. काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींना औषधोपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर घालवलं गेलं. २०१८ मध्ये हे प्रकरण उघड झालं, सरकारला माफी मागावी लागली आणि गृहमंत्र्यांना पद सोडावं लागलं. देशावर जीव लावलेल्या माणसांना देशानेच झिडकारावं, याहून मोठा अन्याय कोणता?

तरीही स्थलांतरितांच्या घरांत ब्रिटिशपणाचा अभिमान चांगला रुजला आहे. आशियाई आणि कृष्णवर्णीय नागरिक 'इंग्लिश' ऐवजी 'ब्रिटिश' ही ओळख अधिक पसंत करतात. कारण ती कधीच एका रक्ताची नव्हती. आधीच चार देश तिच्यात सामावले होते, मग पाचव्याला जागा मिळणं अवघड नव्हतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. तिथे गणपतीची आरती म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी ब्रिटिश पासपोर्टवर प्रवास करतो आणि त्याला त्यात विसंगती वाटत नाही.

दादाभाई नौरोजी हे या वाटेने फार पूर्वी गेले होते. मुंबईत वाढलेले दादाभाई १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून, अवघ्या काही मतांनी, पार्लमेंटवर निवडून गेले. भारतातली लूट ब्रिटनच्या स्वतःच्या न्यायतत्त्वांना काळिमा फासणारी आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९०१ च्या आपल्या 'पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया' या ग्रंथात त्यांनी तो आकडेवारीसह मांडला. ब्रिटनच्या अभिमानालाच त्यांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं.

लोकांच्या मनातही व्याख्या सैल होत आहे. खरा ब्रिटिश असण्यासाठी ब्रिटनमध्येच जन्म व्हायला हवा, असं २०१३ मध्ये ७४ टक्के मानत. २०२३ मध्ये ५५ टक्के.

झेंडा कुणाच्या हातात?

१९६६ चा फुटबॉल विश्वचषक इंग्लंडने जिंकला, तेव्हा वेम्ब्लीतले प्रेक्षक युनियन जॅक फडकवत होते. तीस वर्षांनी युरो १९९६ च्या वेळी त्याच मैदानावर सेंट जॉर्जचा पांढऱ्यावरचा लाल क्रॉस दिसू लागला. स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळण्याचा काळ जवळ येत होता आणि इंग्लंडलाही आपला वेगळा झेंडा आठवला. मधल्या काळात अतिउजव्या टोळ्यांनी दोन्ही झेंडे मिरवल्यामुळे अनेक सभ्य घरांना ते दारावर लावताना संकोच वाटे. हा संकोच पुरता गेलेला नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅमपासून सुरुवात होऊन अनेक गावांतल्या दिव्याच्या खांबांवर हे झेंडे चढले. कुणाला त्यात साधं देशप्रेम दिसलं, तर स्थलांतरितांविरुद्धच्या निदर्शनांमुळे शेजारच्या कुणाला त्यात धमकी दिसली.

जुलै २०२१ मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका या तीन तरुण कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या. समाजमाध्यमांवर त्यांना वंशद्वेषी शिव्यांना तोंड द्यावं लागलं. मँचेस्टरच्या विदिंग्टनमधल्या भिंतीवरचं रॅशफर्डचं चित्र त्याच रात्री विद्रूप झालं. दुसऱ्या दिवशी शेजारपाजारचे लोक आले. त्यांनी त्या जागी चिठ्ठ्या, कागदी हृदयं आणि इंग्लंडचे छोटे झेंडे चिकटवले. काही चिठ्ठ्या मुलांच्या हातच्या वेड्यावाकड्या अक्षरांत होत्या. पाहता पाहता सारी भिंत भरली. झेंडा तोच होता, पण त्याचा अर्थ तो हातात धरणाऱ्यांनी ठरवला.

लाज आणि प्रेम

जॉर्ज ऑरवेल यांनी १९४१ मध्ये, लंडनवर बॉम्ब पडत असताना, इंग्लंडबद्दल एक दीर्घ निबंध लिहिला. इंग्लंडच्या बुद्धिमंतांना आपल्या राष्ट्रीयत्वाची लाज वाटते, अशी त्यांची तक्रार होती. ऑरवेल बिहारमधल्या मोतिहारीला जन्मले, ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होते आणि साम्राज्याच्या तिटकाऱ्याने त्यांनी ती नोकरी सोडली. आपल्या देशाचं राज्य इतर देशांवर असू नये असं मानणारा हा माणूस आपल्या देशावर जीव टाकत होता. त्यांच्या पाठोपाठ ब्रिटनमधली बरीच माणसं आज तिथवर पोचली आहेत.

म्हणूनच इतिहासाच्या अभिमानाचा आकडा ८६ वरून ६४ वर आला, याला देशप्रेमाची घसरण म्हणायला मी तयार नाही. त्याच सर्वेक्षणात कला-साहित्याचा अभिमान ७९ टक्क्यांवर आणि खेळाचा ७७ टक्क्यांवर टिकून होता. साम्राज्याचा गर्व वारशाने फुकट मिळत होता, त्यासाठी कोणाला काही करावं लागत नव्हतं. आताचा अभिमान कमवावा लागतो आणि तो गमावताही येतो. इस्पितळातल्या रांगा वाढत गेल्या, न्यायाला विलंब होऊ लागला, शेजाऱ्याला त्याच्या रंगावरून परकं ठरवलं जाऊ लागलं, तर कितीही झेंडे लावले तरी तो उरणार नाही. आणि ही कामं नीट झाली, तर ग्लासगोच्या, कार्डिफच्या, बेलफास्टच्या नि ब्रिस्टलच्या माणसाला आपलं म्हणण्यासारखं काहीतरी समान सापडेल. अभिमान वाटावा असा देश घडवणं हे प्रत्येक पिढीचं काम असतं. ब्रिटनच्या आजच्या पिढीने ते अंगावर घेतलं आहे.